रागावर अवोकाडो नाही

केरेतारो, ९ ऑक्टोबर

आदरणीय एउलालिया मावशी यांस,
युनुएनचा नमस्कार.

पत्र हाती पडेल तेव्हा तुमची प्रकृती चांगली असेल अशी आशा करते. ‘चांगली’ हा शब्द मोघम आहे, म्हणून एकेक विचारते: उजवा गुडघा, डाव्या कानातली शिट्टी, सकाळचा खोकला, कोंबड्या (पाच की चार? चायो रोज तुमच्याकडे येऊनही दर वेळी वेगळा आकडा सांगते) आणि अंगणातलं अवोकाडोचं झाड. माझं सगळं ठीक आहे. फेब्रुवारीपासून माझं वजन तीनशे ग्रॅमपेक्षा जास्त हललेलं नाही, आणि ज्या काट्यावर ते केलं तो काटा मी स्वतः तपासलेला आहे.

फोन न करता कागदावर लिहिते आहे, कारण फोन तुम्ही उचलत नाही. मी अकरा वेळा केला. नवव्या वेळी उचलला गेला, मला कोंबड्या ऐकू आल्या, कुणाचा तरी श्वास ऐकू आला आणि मग फोन ठेवला गेला. (त्याला मी उचलणं म्हणत नाही. कोंबडीचा पायही पडला असू शकतो.) तुम्ही माझ्यावर रागावला आहात का, हा या पत्राचा विषय नाही. विषय पूर्णपणे तांत्रिक आहे. तुमच्या जेवणाच्या नियमांपैकी एका नियमात एक माहिती कमी पडते, आणि ती तुमच्याखेरीज कुणाकडे नाही. त्या माहितीपर्यंत येण्यासाठी मागचं थोडं सांगावं लागेल. थोडं म्हणजे जून महिन्यापासूनचं.

जूनमध्ये आमच्याकडे सगळ्यांची रक्ततपासणी झाली. आमच्याकडे म्हणजे ज्या प्रयोगशाळेत मी कारखान्यांचे वजनकाटे आणि थर्मामीटर तपासते तिथे. तुम्ही शेजारच्या ओफेलियाबाईंना ‘आमची युनुएन तराजू दुरुस्त करते’ असं सांगता, ते बरोबर नाही. मी दुरुस्त करत नाही. काटा किती चुकतो ते लिहून देते आणि पुढच्या काट्याकडे जाते. (हे पत्र लिहायची वेळ आली त्याचं कारण बहुधा याच वाक्यात आहे, पण ते पुढे.) तर चाळीस माणसांपैकी सव्वीस जणांची साखर नाहीतर चरबी वर निघाली. आमचे वरिष्ठ इंजिनियर बाल्तासार म्हणाले, की जेवणघराच्या भिंतीवर एक कागद लावू, रोज काय आणि किती खावं याचे साधे नियम, कुणालाही कळतील असे. आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी घरून डबा आणते आणि पानावरून वेळेवर उठते. ‘हे कुठे शिकलीस?’ त्यांनी विचारलं. ‘घरी,’ मी म्हणाले. पुढच्या रविवारी बसून मी तुमचे नियम लिहून काढले. तुमचं नाव घातलं नाही. माहिती कुठून घेतली ते न लिहिणं आमच्या कामात चूक धरतात. ती चूक मी केली.

लिहायला बसल्यावर लक्षात आलं, की तुम्ही नियम कधी नियम म्हणून सांगितलेच नव्हते. ते हातातल्या कामाबरोबर यायचे. पाट्यावर मका वाटता वाटता, ‘आधी रस्सा, मग बाकीचं. रिकाम्या पोटाला एकदम घाबरवू नये.’ रानभाजी निवडताना, ‘घेवड्याचा रंग सोडून ताटात आणखी दोन रंग पाहिजेत.’ कोंबड्यांना हाकताना, ‘या फांदीवर चढायच्या आत आपलं संध्याकाळचं झालं पाहिजे, आणि त्यांच्याइतकंच खायचं.’ आई उत्तरेकडे कामाला गेली आणि मी तुमच्याकडे आले तेव्हा सात वर्षांची होते. पहिल्या दिवशी मी मक्याच्या सात तोर्तिया खाल्ल्या, कारण कुणी थांबवेपर्यंत खात राहायचं अशी माझी समजूत होती. तुम्ही थांबवलं नाही. आठवी हातात घेतली तेव्हा फक्त म्हणालात, ‘ही तुझीच आहे, पोरी. टोपलीत ठेवते. उद्या सकाळीही तुझीच असेल.’ आणि टोपलीवर फडकं टाकलंत, लाल दोऱ्याने कडेला मासे भरलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तव्यावर गरम होऊन माझ्या ताटात आली. तीच होती की दुसरी, ते तपासायची मला तेव्हा बुद्धी नव्हती. पण ‘पोटात एका तोर्तियाची जागा ठेवून उठावं’ हा नियम मला त्या सकाळी पाठ झाला, आणि नंतर जितक्या घरांत मी जेवले तिथे फडकं कधी पडतं याची मी वाट पाहत राहिले. बहुतेक घरांत फडकं नसतंच.

कागदावर मात्र ‘एका तोर्तियाची जागा’ असं लिहिता येईना. मी कोपऱ्यावरच्या दुकानातल्या तीस तोर्तिया तोलल्या. सरासरी सत्तावीस ग्रॅम. तसं लिहिलं: ‘पोट भरण्याआधी सत्तावीस ग्रॅम थांबावं.’ आणि लोकांना अंदाज यावा म्हणून वाढपाच्या खिडकीत, तोर्तियांच्या टोपलीशेजारी, एक छोटा वजनकाटा ठेवला. पहिल्या दिवशी रांग दारापर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी जिन्यापर्यंत. तिसऱ्या दिवशी दॉन अबुंदिओ, जे आमची वीस-वीस किलोची प्रमाण वजनं उचलून ठेवतात आणि ज्यांची साखर सगळ्यांत वर निघाली होती, अकरा तोर्तिया खाऊन कागदासमोर उभे राहिले आणि मोठ्याने वाचू लागले. मग मला हाक मारली. ‘बाई, मी नियम पाळला.’ मी म्हणाले, ‘अकरा झाल्या तुमच्या.’ ते म्हणाले, ‘हो, पण एकीची जागा आहे की अजून. माझ्यात नेहमीच असते. दहा झाल्यावरही होती. म्हणून तर अकरावी गेली.’ आणि त्यांनी बारावी घेतली.

स्वयंपाक करणाऱ्या त्रान्सितोबाई काट्यावर पहिल्यापासून नाराज होत्या. त्या तुमच्याच वयाच्या आहेत, बाजूच्या डोंगराळ भागातल्या. त्यांनी चार दिवस सहन केलं आणि पाचव्या दिवशी काट्यावर झाकण उपडं घातलं. ‘पोरी, तुझ्या या काट्याला भूक लागते का?’ मी म्हणाले, नाही. ‘आजारी पडतो का? मुलगी पळून गेली म्हणून याला जेवण जात नाही, असं होतं का कधी?’ मी म्हणाले, नाही. ‘मग हा काय सांगणार कुणाला, कधी थांबायचं ते?’ मी त्यांना समजावलं, की काटा थांबायला सांगत नाही, फक्त आकडा देतो. त्या म्हणाल्या, ‘आकडा काय, माझ्याकडे मोप आहेत,’ आणि दॉन अबुंदिओंच्या ताटातून, त्यांच्या डोळ्यांदेखत, दोन तोर्तिया उचलून निवडुंगाच्या भाजीचा मोठा डाव घातला. दॉन अबुंदिओंनी खाली बघून खाल्लं. मी हे पाहिलं आणि नोंद केली नाही, कारण काय नोंदवायचं ते कळलं नाही.

तुमचे सगळे नियम मी कागदावर घेतले नव्हते, हेही सांगून टाकते. तीन वगळले: गरम-थंड एकत्र करू नये, दचकल्यावर आधी पाव खावा, आणि राग आला असताना अवोकाडो खाऊ नये. त्यांच्याबद्दल खाली बारीक अक्षरांत टीप दिली, ‘लोकसमजुती, आधार आढळत नाही.’ टीप माझी होती. त्यानंतरच्या तीन महिन्यांत त्या टिपेने माझी जी अवस्था केली ती क्रमाने सांगते.

गरम-थंडाचा नियम पहिल्या आठवड्यातच नडला. दोनशे अंशांच्या भट्टीतून काढलेला काचेचा थर्मामीटर घाईत थंड फरशीवर ठेवला आणि तो टिचला. इंजिनियर बाल्तासार म्हणाले, ‘एवढं शिकून गरमावर थंड?’ त्यांची आजी तिकडे दूर सोनोराची, पण शब्द तुमचेच होते. मी म्हणाले, की काचेला लागू होतं ते पोटाला लागू होतंच असं नाही. तरी त्या दिवसापासून भट्टीचं काम झालं की थंड पाण्याखाली हात धरायला मी पंधरा मिनिटं थांबते. पंधरा मिनिटं मोजून. हात ओले करू नयेत असं माझं म्हणणं नाही. थांबते एवढंच.

पावाचं प्रकरण ऑगस्टमधलं. सामान उचलणाऱ्या गाडीचा दांडा प्रमाण वजनांच्या रचलेल्या ढिगाला लागला आणि अर्धा टन लोखंड माझ्यापासून दोन पावलांवर फरशीवर आलं. कुणाला काही झालं नाही. फरशीला झालं. मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझी हनुवटी हलत होती (थंडी नव्हती, तापमान एकवीस अंश होतं). तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, ‘पाव आणा, पाव!’ आणि माणसं धावली. मोन्तेर्रेहून आलेले दोन पदव्यांचे इंजिनियर धावले. सुरक्षा अधिकारी, ज्यांनी आधी पंचनामा करायला हवा होता, ते बोलिओ पावांची पिशवी घेऊन आले. सगळ्यांनी एकेक घेतला आणि उभ्या उभ्या, पडलेल्या वजनांकडे बघत खाल्ला. माझ्या हातात दॉन अबुंदिओंनी दिला. ‘घ्या बाई. आधार आढळत नाही, पण घ्या.’ मी घेतला. आधी वरचं कडक टोक, मग आतला मऊ भाग, तुम्ही सांगायच्या तसा. पाणी नाही. तळ्यात होडी कलंडली होती त्या दिवशी तुम्ही मला काठावर, ओल्या कपड्यांतच, पाव खायला लावला होता आणि ‘आता भीतीला बसायला काहीतरी मिळालं, ती तुला खाणार नाही’ असं म्हणाला होता, ते मला आठवलं. हनुवटी थांबली. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं सिद्ध होत नाही. तरीही संध्याकाळी मी भिंतीवरच्या टिपेतला पावाचा शब्द पेनाने खोडला.

आता अवोकाडो. इथपासून मी सावकाश लिहिते आहे.

सप्टेंबरच्या एका सोमवारी डबा नव्हता म्हणून मी जेवणघराच्या खिडकीशी गेले तर त्रान्सितोबाई अवोकाडो कुस्करून केलेलं ग्वाकामोले वाढत होत्या. माझ्यापुढच्या सगळ्यांना वाढलं. माझं ताट आलं तसा डाव मागे घेतला. ‘तुला नाही.’ मी विचारलं, का. ‘रागात आहेस.’ मी म्हणाले, मी रागात नाही. ‘मग नाकपुड्या कशाला फुगल्यात?’ रांगेतल्या मागच्या चौघांनी पुढे येऊन माझ्या नाकपुड्या पाहिल्या. चौघांचं मत एकच पडलं. मी त्यांना सांगितलं, की सात महिने मी कुणाशी भांडलेले नाही. ‘तेच म्हणते,’ बाई म्हणाल्या, ‘सात महिन्यांचा आहे. जुना आहे. पित्तात मुरलाय. त्यावर अवोकाडो घालून तुझं काही झालं तर मी तुझ्या मावशीला काय तोंड दाखवू?’ (त्या तुम्हाला ओळखत नाहीत. तुमच्याबद्दल त्यांना मी एवढंच सांगितलं होतं, की मला एक मावशी आहे.) मी चिडून विचारलं, की मग राग गेला हे कधी धरायचं? किती तासांनी, किती दिवसांनी? नियमात मुदतच नाही. त्या म्हणाल्या, ‘ते तुझं तुला नाही कळायचं. समोरच्याला कळतं. हे घरी विचारायचं असतं.’

त्या रविवारी चायोचा फोन आला. तिला दर महिन्याला विचारते तसं मी विचारलं, की मावशी बऱ्या आहेत ना. ती म्हणाली, ‘अगं, बऱ्या आहेत, पण झाडाचं काय करायचं ते सांग. फांद्या जमिनीला लागल्यात. पाद्रीबाबांना टोपली, शाळेतल्या बाईंना टोपली, त्या मासेवाल्यालासुद्धा टोपली. स्वतः एक खात नाहीत. मी म्हटलं, मावशी, पोट बरं नाही का? तर म्हणतात, पोटाला काय धाड भरलीय.’ मी विचारलं, कधीपासून खात नाहीत. चायो म्हणाली, ‘काकांना जाऊन वर्ष झालं त्या जेवणापासून. तू गेलीस तेव्हापासून. फेब्रुवारी बघ.’

मावशी, मी तुम्हाला अकरा वर्षं रोज पाहिलं आहे. ताटं मांडण्याआधी, चुलीसमोर उभं राहून, गरम तोर्तियात सालासकट कुस्करलेला एक अवोकाडो आणि मीठ. आमच्या झाडाचं साल पातळ, बडीशेपेसारखा वास. ‘हा माझा पगार’ असं तुम्ही म्हणायच्या आणि त्या वेळी कुणी तुमच्याशी बोलायचं नाही असा आमच्या घरचा आठवा नियम होता, तो मात्र कुणी न सांगता आम्ही पाळायचो. तुम्ही आजारी असताना खाल्लात, उपासात खाल्लात, काकांना दवाखान्यात ठेवलं तेव्हाही पिशवीत घालून नेलात. आणि आता आठ महिने नाही. म्हणजे आठ महिने तुम्ही रोज सकाळी स्वतःला विचारता, राग गेला का, आणि रोज उत्तर ‘नाही’ येतं, आणि नियम नियम म्हणून तुम्ही तो पाळता. मी हे गणित तीनदा तपासलं. दुसरं उत्तर येत नाही.

म्हणून फेब्रुवारीबद्दल लिहिते. टेबलाभोवती अकरा माणसं होती. लाल रश्शाची वाटी प्रत्येकापुढे होती. तुम्ही चायोच्या धाकट्याला सांगत होता, ‘एका तोर्तियाची जागा ठेव रे, तुझे कूकोआजोबा ठेवायचे तशी.’ आणि मी चमचा खाली ठेवून, बऱ्यापैकी मोठ्याने, म्हणाले: ‘मावशी, या नियमांनी काही होत असतं तर कूकोकाका आज इथे बसलेले असते.’ तुम्ही टोपलीवर फडकं टाकलंत. अजून कुणाच्या दोनही तोर्तिया झाल्या नव्हत्या. तिथे मी थांबायला हवं होतं. पण माझं शिक्षण असं झालं आहे, की विधान केलं की पुरावा द्यावा लागतो. मी परातीतला एक अवोकाडो उचलला आणि ऐन रागात, सगळ्यांसमोर, तो पूर्ण खाल्ला. मग भिंतीवरच्या घड्याळात वीस मिनिटं होईपर्यंत बसून राहिले आणि जाहीर केलं, ‘बघा. काही झालं नाही.’ (त्या निरीक्षणात एक दुरुस्ती आहे. मोरेलियाच्या बसमध्ये मला ओकारी झाली, दोनदा. रस्ता वळणांचा आहे. संबंध सिद्ध होत नाही. पण निष्कर्ष वीस मिनिटांत जाहीर करायला नको होता.)

खरी चूक मात्र ती नाही. खरी चूक अशी, की ते वाक्य मी बोलले तेव्हा ते खोटं आहे हे टेबलाभोवती फक्त मला माहीत होतं. तुमचे नियम काकांनी पाळलेच नव्हते. दर शनिवारी गॅसची टाकी आणायला ते मला घेऊन जायचे, आठवतं? गॅसच्या दुकानापाशी बेकरी होती. ते दोन कोंचा घ्यायचे. डॉक्टरांनी साखर बंद केली होती म्हणून ते पावावरचं साखरेचं कवच बोटाने अलगद उचलून मला द्यायचे, दोन्ही पावांवरचं, आणि खालचा लोण्याचा पाव स्वतः खायचे. ‘युनु, साखर कुणी खाल्ली?’ ‘मी.’ ‘मग मी काय खाल्लं?’ ‘नुसता पाव.’ ‘शाब्बास. डॉक्टरांनी विचारलं तर असंच सांगायचं.’ मग घरी येऊन ते रस्सा प्यायचे, एक तोर्तिया खायचे आणि पोटावर हात ठेवून उठायचे, आणि तुम्ही म्हणायच्या, ‘बघ, तुझे काका कसे वेळेवर उठतात.’ मी रश्शाच्या वाटीत तोंड घालून हसायचे. मी नऊ वर्षांची होते, मग दहा, मग बारा. शनिवार मोजले तर दोनशेच्या आसपास होतात. त्यांचा पाय काळा पडायला लागला तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि तोपर्यंत मी यातलं कुणालाही काही सांगितलं नव्हतं. मग मला जे स्वतःला म्हणायचं होतं ते मी फेब्रुवारीत तुम्हाला म्हणाले.

हे लिहिताना आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती आठवल्यापासून मला नीट काम सुचत नाही. शनिवारी आम्ही आलो, की दारातच तुम्ही माझी कॉलर झटकायच्या. बोलायच्या काही नाही, फक्त झटकायच्या. आणि शनिवारी काकांच्या ताटात भात नसायचा. सोमवारी असायचा, बुधवारी असायचा. शनिवारी त्यांच्यापुढे निवडुंग आणि रस्सा, आणि टोपली त्यांच्या हातापासून लांब. तेव्हा मला वाटायचं शनिवारी भात करतच नाहीत. पण मी तर खाल्ला आहे. मावशी, तुम्हाला माहीत होतं का? (हा प्रश्न तांत्रिक नाही. उत्तर दिलं नाही तरी चालेल.)

माहीत असेल तर माझ्या भिंतीवरच्या कागदाचा अर्थ बदलतो. मी ‘सत्तावीस ग्रॅम’ लिहिलं तिथे खरं म्हणजे तुम्हाला लिहायला हवं होतं. कोण कुठून आला आहे, त्याच्या कॉलरला काय लागलं आहे, आज त्याला किती पुरे, हे बघून टोपली सरकवणारं माणूस. तसं उपकरण आमच्याकडे नाही. दोन आठवड्यांपूर्वी मी काटा काढून घेतला. दॉन अबुंदिओ आता त्रान्सितोबाईंच्या समोरच्या बाकावर बसतात, कारण त्यांनी तिथे बसायला सांगितलं आहे, आणि सहा तोर्तियांवर उठतात. एकदा सातवीसाठी हात पुढे गेला तर त्या आतून न बघता म्हणाल्या, ‘अबुंदिओ.’ हात मागे आला. कालच्या तपासणीत त्यांची साखर उतरली होती. पुरेशी नाही, पण उतरली. भिंतीवर कागद अजून आहे. त्याच्या खाली मी लिहिलं आहे: ‘माहिती: श्रीमती एउलालिया, सरोवराकाठ, मिचोआकान.’ टिपेतला अवोकाडोचा शब्द अजून खोडलेला नाही. त्यासाठी आधी माहिती पूर्ण व्हायला हवी, आणि तेवढ्यासाठीच हे पत्र आहे: राग गेल्यावर किती दिवसांनी अवोकाडो चालतो, आणि जो गेला असं वाटतं तो खरंच गेला हे कसं ओळखायचं, एवढं कृपया कळवावं.

कोंबड्यांना आणि चायोला नमस्कार. गुडघ्याला शेक द्यावा, गरमाचा, आणि नंतर तासभर पाण्यात हात घालू नये. (हे तुम्हीच सांगितलेलं आहे. मी फक्त परत पाठवते.)

तुमची,
युनुएन

ता. क. प्रयोगशाळेने मला नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात चार दिवस सुट्टी दिली आहे. मी मागितली होती. बसचं तिकीट अजून काढलेलं नाही, कारण तिथे मला ताट आहे की नाही ते माहीत नाही. नसेल तर मी पात्स्कुआरोत राहीन आणि काकांना कबरीपाशी भेटून परत येईन. तुम्हाला त्रास होणार नाही.

ता. क. २. गेल्या वर्षी मृतांच्या दिवशी तुम्ही काकांच्या फोटोपुढे उकडलेला निवडुंग आणि बिनसाखरेची मक्याची पेज ठेवली होती. पाद्रीबाबांना हसू आवरलं नव्हतं. या वर्षी दोन कोंचा ठेवाव्यात अशी विनंती आहे. वरची साखर काढून. ती बाजूला एका बशीत ठेवावी, मी आले तर खाईन.

ता. क. ३. उत्तर लिहायची गरज नाही. मंगळवारी चायो इकडे येणार आहे. तुम्ही झाडाचं एखादं फळ खाल्लंत, तर नुसती बी तिच्यापाशी द्यावी. कागदात गुंडाळू नये, ओली असली तरी चालेल. मी समजेन आणि तिकीट काढेन.

ता. क. ४. माझ्या खिडकीत शुक्रवारपासून एक अवोकाडो पिकतो आहे. फेब्रुवारीत त्या टेबलावर खाल्ला त्यानंतर मी एकही खाल्लेला नाही. माझा विश्वास आहे असं नाही. तुलना करायची तर दोन्ही बाजू सारख्या ठेवाव्या लागतात.